गोमाने उतरवलेले तीन दगड

कळंबच्या पलीकडे, ओहोळाच्या वळणावर करंजपाडा नावाचं गाव आहे. गावाच्या पाठीशी डोंगराची एक सोंड उतरते. मोठ्या डोंगराने जेवून पाय लांब करावा आणि तसंच झोपून जावं, अशी ती सोंड. तिच्या माथ्यावर ठाकरांची वाडी आहे, आणि वाडीच्या जरा खाली कातळाच्या ओठातून पाझरणारा झरा. चैत्रात गावातल्या विहिरी तळ दाखवतात. मग वाडीच्या बायका वरून उतरतात, गावच्या बायका खालून चढतात आणि झऱ्यापाशी दोघींच्या कळश्या एकमेकींना लागतात. धार बोटाएवढी. पण ती थांबलेली कोणी पाहिलेली नाही.

त्या गावात गोमा राहायचा. उंचीने बेताचा, बोलायला कमी आणि हाताने स्थिर. हा स्थिरपणा त्याचा त्यालाही ठाऊक नव्हता; सरकारला आधी कळला. झालं असं की एकदा तो ताकाचं काठोकाठ भरलेलं मडकं डोक्यावर घेऊन बांधावरून चालला होता. बांध फुटलेला होता, तिथे त्याने उडी मारली. मागून रस्त्याने येणाऱ्या जीपमधल्या साहेबाने ती उडी पाहिली आणि मडक्यातून थेंब सांडला नाही हेही पाहिलं. साहेबाने जीप थांबवली आणि ताक न मागता माणूस मागितला.

साहेबाचं नाव टिपणीस. तो ज्या खात्याचा होता, त्या खात्याचं काम जमिनीखाली काय आहे ते शोधण्याचं. जमिनीवर काय आहे ते बघण्याचं काम दुसऱ्या एखाद्या खात्याकडे असावं, कारण टिपणीस साहेब वरचं फारसं बघत नसे. त्याच्यापाशी एक पेटी होती, दुधाच्या लहान कॅनएवढी. तिच्या आत काचेच्या केसासारखी एक तार होती आणि तारेला टांगलेलं नखाएवढं वजन. जीपच्या एका धक्क्याने ती तार रुसायची आणि दिवस फुकट जायचा. म्हणून पेटी गोमाच्या मांडीवर बसली. खालापूर, साजगाव, मोहोपाड्याच्या कारखान्यांमागची खडबडीत वाट, सगळीकडे गोमा ती पेटी बाळंतिणीच्या मुलासारखी घेऊन फिरला. तीन वर्षं. सन चौऱ्याहत्तर उजाडलं तरी तो रोजंदारीवरचा खलाशीच, म्हणजे खात्याचं सामान उचलणारा गडीच होता. त्याला कायम करण्याचा कागद मुंबईत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालला होता, आणि त्या दोन टेबलांमधलं अंतर कर्जत ते खालापूरपेक्षा मोठं असावं.

काम साधं होतं, म्हणून ते फार गंभीरपणे चालायचं. पौषात एक टोळी येऊन जाई. ती टोळी ठरल्या जागी सपाट दगड बसवी, त्यावर पांढऱ्या रंगाने आकडा काढी, भोवती चुन्याचं कडं घाली आणि त्या जागेची उंची मोजून वहीत लिही. मग वैशाखात टिपणीस साहेब पेटी घेऊन येई. दगडावर थाळी ठेवायची, थाळीवर पेटी, साहेबाने एक डोळा मिटून भिंगात बघायचं, चक्री फिरवायची, आकडा सांगायचा. दर दोन-तीन तासांनी सकाळच्या पहिल्या दगडापाशी परत येऊन पेटीचा स्वभाव बदलला का तेही बघायचं. साहेब म्हणे की हे यंत्र दिवसभरात हळूहळू चळतं. गोमाला त्यात नवल वाटलं नाही. वैशाखात माणूसही चळतो.

एकदा करंजाच्या सावलीत भाकरी खाताना साहेबाने त्याला सगळं समजावून सांगितलं. पृथ्वी सगळ्यांना खाली ओढते. पोटात जड खडक असेल तिथे जराशी जास्त ओढते. तो जरासा फरक पेटी पकडते. पण उंचावर गेलं की ओढ कमी होते, म्हणून प्रत्येक दगडाची उंची आधी ठाऊक असावी लागते. गोमाने हे घरी येऊन बायकोला, सोनुबाईला सांगितलं, की लांब गेलं की ओढ कमी होते असं शास्त्र आहे. सोनुबाई तांदूळ पाखडत होती. तिचं माहेर घाटाच्या वर होतं. तिने सूप न थांबवता सांगितलं की शास्त्र लिहिणारा नक्की पुरुष असणार.

आणि पुढचं काम कॉम्प्युटरचं. तो मुंबईत खोलीभर पसरलेला होता आणि त्याला थंड हवा लागे. त्याला आकडे वाचता येत नसत. जाड कार्डांवर भोकं पाडून ते भरवावे लागत. मग तो मनाशी एक खडक कल्पायचा, इतका लांब, इतका खोल, इतका जड. त्या खडकाची ओढ किती होईल याचा हिशेब करायचा आणि पेटीच्या आकड्यांशी ताडून बघायचा. नाही जुळलं तर खडक थोडा सरकवायचा, थोडा फुगवायचा आणि पुन्हा ताडायचा. जुळेपर्यंत.

"आमचा भगत बी असाच करतो, सायेब," गोमा म्हणाला. "आधी म्हणतो थोरल्या भावानं करणी केली. त्यानं ताप उतरला नाय तर म्हणतो चुलतीनं. उतरेपर्यंत सगळ्या भावकीचं नाव घेतो."

"भगताला कोंबडं लागतं रे."

"आणि ह्याला?"

"ह्याला वीज लागते," साहेब म्हणाला.

त्या वैशाखात साजगावच्या बाजूला एका बांधावरून उतरताना साहेबाचा पाय घसरला आणि गुडघा सुजून नारळाएवढा झाला. काम संपत आलं होतं. उरलं होतं फक्त करंजपाड्याच्या सोंडेचं, एकशे सतरा, एकशे अठरा आणि एकशे एकोणीस. तिन्ही दगड माथ्यावर, वाडीच्या वाटेला. चढ शंभर-सव्वाशे हातांचाच, पण उभा. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. कार्डांना भोकं पाडणारे मुंबईत वाट बघत होते. साहेब जीपच्या पायरीवर बसून चढाकडे बघत होता, आणि गोमा साहेबाकडे.

आता आमच्या भागाची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाडीवर पाहुणा आला आणि त्याचा पाय अधू असला, तर त्याला चढवत नाहीत. ज्याला भेटायचं तोच खाली येतो. इतकंच काय, मुलगी बघायला आलेला म्हातारा सोयरा चढू शकला नाही तर मुलीलाच पायथ्याशी आणून दाखवतात. मुलगी खाली आली म्हणून बदलत नाही आणि सोयरा वर गेला नाही म्हणून त्याचा मान जात नाही. शिवाय टिपणीस साहेब गोमाच्या घरी तीनदा जेवला होता. सुक्या बोंबलाचं कालवण त्याने बोटं चाटून खाल्लं होतं. असल्या माणसाला लंगडत चढवायचं म्हणजे जेवण परत मागण्यासारखं.

गोमा म्हणाला की सायेब, तुम्ही मोहाखाली पडा जरा, मी बघून येतो. तो वर गेला आणि दगड एकेक करून खाली घेऊन आला. नुसते टाकून दिले नाहीत. माथ्यावर दोन दगडांमध्ये किती पावलं आहेत ती त्याने मोजली होती. तितकीच पावलं त्याने ओहोळाच्या काठाने मोजली, तेच अंतर, तीच ओळ, आकड्याचं तोंड उगवतीला. आकड्यावर अन्याय होऊ नये ही त्याची काळजी होती.

साहेबाने डोळे उघडले तेव्हा एकशे सतरा त्याच्यासमोर होता.

"दगड इथेच होता का रे?"

"आकडा बघा की, सायेब," गोमा म्हणाला.

साहेबाने आकडा बघितला. नकाशाही जीपमध्ये होता, तो बघितला नाही. शिकलेल्या माणसाचं डोकं मोठं असतं हे खरं, पण गुडघा सुजला की सगळा माणूस गुडघ्यातच राहायला जातो. थाळी ठेवली, पेटी ठेवली, एक डोळा मिटला. तासाभरात तिन्ही दगडांचं काम झालं. साहेब म्हणाला, अशी सोपी जागा सगळ्या तालुक्यात मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी जीप खोपोलीकडे गेली, मग पाऊस आला, मग भाताची आवणी आली. ते तीन दगड ओहोळाच्या काठी राहिले. चिखलाच्या पायांनी चालणाऱ्याला दगडाची आठवण कशाला राहील?

भात कापून झालं, खाचरात वाल फुलायला लागला आणि टिपणीस साहेब परत आला. या वेळी जीपच्या मागे दुसरी जीप होती. सरपंच नामाने शाळेच्या ओट्यावर सतरंजी घातली, झेंडूचा हार आणला. साहेबाने एक मोठा कागद उलगडला. त्यावर तालुक्याचा नकाशा होता आणि नकाशावर रेघा. सगळीकडे रेघा आळसावून पसरलेल्या, पण करंजपाड्याच्या सोंडेवर आल्या की त्या वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ, बैलाच्या डोळ्यासारख्या झाल्या होत्या.

साहेबाचा आवाज बदलला होता. तो सांगत होता की या सोंडेखाली प्रचंड जड असा खडक उभा आहे, वितळून वर आलेला आणि आतच थिजलेला. कोणाला कधी दिसला नव्हता. कॉम्प्युटरने चाळीस वेळा ताडून पाहिला. या शोधावर त्याने दिल्लीत निबंध वाचला होता, मोठमोठ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. होळीनंतर जमिनीत खोल भोक पाडणारं यंत्र येईल आणि खडकाचा तुकडा वर काढील. जागा नक्की झाली होती. वर्तुळांचा मध्य जिथे होता तिथे, झऱ्यापाशी. यंत्र तापतं, त्याला पाणी लागतं, तेही तिथेच आहे. इतकी सोय निसर्गाने क्वचितच केली असेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या पायाखाली काहीतरी मोठं आहे, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? नामाने तर विचारून घेतलं की खडकाला गावाचं नाव देणार का. साहेब म्हणाला, बघू. मग तो गोमाकडे वळला. या कामात गोमाचा वाटा आहे, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. गोमाला कायम करण्याचा फॉर्म अखेर मुंबईहून आला होता. साहेबाची सही झाली की काम झालं. पुन्हा टाळ्या.

गोमा नकाशापाशी गेला. त्याला तिसरीपर्यंतचं वाचता येत होतं. बैलाच्या डोळ्याच्या बुबुळात तीन ठिपके होते. एकशे सतरा, एकशे अठरा, एकशे एकोणीस. डाव्या-उजव्या बाजूच्या रेघा किती गुळगुळीत आल्या आहेत हे साहेब बोटाने दाखवत होता. अंतरं अशी नेमकी जुळली की शंकेला जागा नाही, असं तो म्हणत होता. गोमाला आपली पावलं आठवली.

घरी जाईपर्यंत त्याचं तोंड उतरलं होतं. सोनुबाईने तो कायम होणार हे ऐकलं होतं, ती चुलीवर गुळाचा चहा ठेवून बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. दगड वरचे, मोजणी खालची. कॉम्प्युटरला सांगितलं माथा, पेटीने बघितला पायथा. पायथ्याशी ओढ जास्त असणारच. पण माथ्यावर एवढी ओढ दिसली म्हणून त्या बिचाऱ्याने सोंडेखाली डोंगराएवढा खडक कल्पला. नुसता कल्पला नाही, चाळीस वेळा नीट बसवला.

सोनुबाईने चुलीवरचा चहा खाली उतरवला. शेजारच्या गावात कंत्राटदाराने विहिरीसाठी सुरुंग लावला होता आणि वरचा झरा एका दिवसात खाली कुठेतरी निघून गेला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. कातळ म्हणजे पाण्याची परात. परातीला भोक पडलं की पाणी कोणाचंच राहात नाही, ना वाडीचं, ना गावाचं.

"चैतात मी कुठं चढू मग?" ती म्हणाली. "कायम झालेल्या नवऱ्याच्या डोक्यावर?"

सकाळी गोमा चालत कर्जतला गेला. टिपणीस साहेब डाक बंगल्याच्या व्हरांड्यात बसला होता. टेबलावर फॉर्म होता, शाईचं पेन होतं. गोमाने उभ्या-उभ्याच सांगितलं. साहेब आधी हसला. मग म्हणाला की गोमा, तू घाबरलास. मोठ्या कामात लहान माणसाला असं होतं.

"घाबरलो नाय सायेब. दगड मी उतरवले. तुमचा पाय सुजला व्हता."

साहेबाने हसणं थांबवलं. त्याने चाळीस वेळांचं पुन्हा सांगितलं. एखादा आकडा चुकला असता तर रेघा वाकड्यातिकड्या आल्या असत्या, कॉम्प्युटरने लगेच पकडलं असतं, असं सांगितलं. इथे तीनही आकडे एकमेकांना साक्ष देतात. अंतरं बरोबर, ओळ बरोबर.

"अंतर मी पावलं टाकून धरलं व्हतं."

"कशाला?"

"चूक व्हऊ नये म्हणून."

साहेब लाल झाला. त्याने विचारलं की कॉम्प्युटर खोटं बोलतो असं तुला म्हणायचं आहे का? दिल्लीच्या लोकांना काही कळत नाही का?

"कॉम्प्युटर नाय खोटं बोलला," गोमा म्हणाला. "मी बोललो. त्यानं ऐकलं. सायेब, भगतानं चाळीसदा नाव घेतलं म्हणून चुलती चेटकीण व्हत नाय. तुमी एकदा वर चला. पेटी मी घेतो."

साहेबाने त्याला जायला सांगितलं. फॉर्म उचलून त्याने कागदांच्या खाली ठेवला. वर ठेवला नाही, फाडलाही नाही. गोमा आला तसा चालत परत गेला.

तीन दिवस काही झालं नाही. गोमा वालाच्या रानात वाकून होता आणि बांधावरून जाणाऱ्या बायका त्याला विचारत की तुमचा सरकारी हुकूम कधी येणार. तो म्हणे येईल. चौथ्या दिवशी सकाळी जीप आली, एकटीच. टिपणीस साहेब उतरला, कोणाशी बोलला नाही, पेटीकडे बोट दाखवलं. वाटेत ओहोळाच्या काठी गाळात अर्धा रुतलेला एकशे अठरा त्याला दिसला. तो थांबला, दगडाकडे बघितलं, मग वर सोंडेकडे बघितलं. आठ महिन्यांपूर्वी बघायचं होतं ते त्याने त्या दिवशी बघितलं.

माथ्यावर चुन्याची कडी पावसाने धुऊन गेली होती, पण दगड निघालेले तीन खड्डे तसेच होते, दात पडलेल्या हिरडीसारखे. गोमाने पहिल्या खड्ड्यावर थाळी ठेवली. साहेबाने डोळा मिटला, चक्री फिरवली आणि आकडा सांगितला नाही. भिंग पुसलं. पुन्हा बघितलं. दुसऱ्या खड्ड्यावर बघितलं, तिसऱ्यावर बघितलं. पहिल्या खड्ड्यावर परत जाऊन, पेटी चळली नाही ना हेही बघून आला. मग हिशेबाची वही काढून तो वाडीच्या वाटेवर बसला आणि दिल्लीत टाळ्या पडलेला तो खडक पेन्सिलीने अर्ध्या पानात नाहीसा झाला. त्याला मुंबईलाही जावं लागलं नाही.

"माझा डोंगर गेला रे, गोमा."

"डोंगर हाय, सायेब," गोमा म्हणाला. "आपण त्याच्यावरच बसलोय."

वाडीची आवडी झऱ्यावरून वर येत होती. डोक्यावर दोन कळश्या. सरकारी माणूस वाटेत बसलेला बघून ती थांबली. गोमाने तिला सांगितलं की सायेब दमलेत. तिने वरची कळशी उतरवून साहेबाच्या ओंजळीत पाणी ओतलं. साहेब प्याला, खूप वेळ प्याला, आणि ओला हात कपाळावरून फिरवत म्हणाला की यंत्र येणार नाही. आवडीला कसलं यंत्र ते ठाऊक नव्हतं. ती कळशी उचलून गेली.

यंत्र आलं नाही. मात्र सरकारात काहीही नुसतं होत नाही. ते का झालं हे लिहावं लागतं. टिपणीस साहेबाने अहवाल लिहिला. गोमाने दगड उतरवले असं त्यात नव्हतं. त्याला आपण खाल्लेलं जेवण स्मरलं असावं. साहेब चढ चढला नाही असंही त्यात नव्हतं. त्याला आपली नोकरी स्मरली असावी. त्यात लिहिलं होतं की चरणाऱ्या गुरांनी दगड हलवले असावेत. तीन दगड, सव्वाशे हात खाली, सारख्या अंतरावर, एका ओळीत. वरच्या टेबलांनी ते वाचलं आणि कोणालाच नवल वाटलं नाही. त्यांनी गुरं बघितली नसावीत. त्यांना आवडली ती दुसरी गोष्ट. नवे आकडे भरवल्याबरोबर कॉम्प्युटरने आपणच आपला खडक मागे घेतला, केवढी ही त्याची हुशारी! त्या हुशारीवर टिपणीस साहेबाने नवा निबंध लिहिला, आणि म्हणतात की त्याला टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या.

खालीही कागद आला. मोजणीच्या दगडांचं गुरांपासून रक्षण करण्यासाठी करंजपाड्यास एक राखणदार नेमावा, कायम. गोमा तलाठ्याकडे गेला. दगडांची जागा त्याच्याइतकी कोणाला ठाऊक होती? पण राखणदाराला सातवी पास लागत होती आणि गोमाची तिसरी. नामाचा मेहुणा जैतू सातवी पास होता. गोमाचा फॉर्म कोणत्या कागदांच्या खाली राहिला ते कोणी सांगू शकलं नाही. त्याचं काम त्या होळीला सुटलं. साहेबाने जाताना त्याचे दोन्ही हात हातात धरले आणि तो जीपमध्ये बसला. पेटी त्याने स्वतःच्या मांडीवर घेतली होती. ओहोळ ओलांडताना तिला हिसका बसला, हे गोमाने लांबूनही ओळखलं.

जैतूला खाकी टोपी मिळाली. दगड पुन्हा माथ्यावर बसले, त्यांना नवा चुना लागला, आणि जैतू एका ऐनाच्या सावलीत काठी घेऊन बसू लागला. त्याच चैत्रात गोमा आपले दोन बैल पाण्यावर घेऊन चालला होता. जैतूने काठी आडवी धरली.

"जनावरं हिकडून नाय न्यायची, दादा. दगड हलवतात."

"कोण म्हणतं?"

"कागदात हाय."

गोमाने बैलांकडे बघितलं. दोघंही शांतपणे रवंथ करत होते. आरोप त्यांच्यापर्यंत पोचलेला दिसत नव्हता. त्याच्या ओठांवर सगळी हकीकत आली होती, दगड, पावलं, गुडघा, सगळी. जैतूच्या टोपीवरचा बिल्ला उन्हात चमकत होता. जैतूला तीन मुली होत्या आणि ही त्याची पहिली नोकरी.

"बरं," गोमा म्हणाला.

त्याने बैलांची तोंडं वळवली आणि करवंदीच्या जाळीतून, लांबच्या वाटेने त्यांना झऱ्यावर नेलं. धार बोटाएवढीच होती. डबक्यापाशी सोनुबाई कळशी भरत बसली होती. तिने कळशी बाजूला ओढली, आधी बैलांना पिऊ दिलं आणि विचारलं की आज एवढा वळसा का घेतला. गोमाने सांगितलं. ती इतकी हसली की बैलाने पिता-पिता मान वर केली. मग तिने कळशी पुन्हा धारेखाली लावली, आणि दोघं बैलांचं पिणं होईपर्यंत तिथे बसून राहिले.